आत्याला विचारणाऱ्या इंजिनिअर साहेबांना

सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून नुसतं 'साहेब' लिहिते. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत, कारण बिल चुकतं झालं तरी तुमचं देणं फिटलेलं नाही.

कोथरूडच्या आमच्या जुन्या इमारतीत वयस्कर मंडळींसाठी देखभालीची घरं करायचं ठरलं. तुमच्या आधी जे सल्लागार होते, त्यांनी जागेवर पाऊलही न टाकता वायरिंग आणि प्लंबिंगचं ड्रॉइंग पाठवलं. कुठल्या तरी ऑफिसचंच होतं ते. एका खोलीवर 'कॉन्फरन्स रूम' तसंच छापलेलं. फोन केला तर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांना असं काय वेगळं लागतं?" पैसे गेले त्याचं सोडा, पण तो प्रश्न आठवला की आजही अंगाची आग होते.

तुम्ही आलात ते आत्याच्या पलंगापाशी स्टूल ओढून बसलात. तिला कमी ऐकू येतं, म्हणून येणारा प्रत्येक जण तिच्याबद्दल आमच्याशीच बोलतो. तुम्ही तिच्या कानाशी वाकून विचारलंत, "आत्या, रात्री उठलात की हात कुठे टेकता?" मग पडदे ओढले, दिवा घालवला आणि तिला म्हणालात, सावकाश चला, मी शेजारीच आहे. तिचा तळवा जिथे जिथे टेकला तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण केलीत. पलंगाची कड, कपाटाचा कोपरा, बाथरूमची चौकट. एका ठिकाणी तिने तुम्हाला दटावलंसुद्धा, "इथे नको, इथे माझ्या गणपतीची तसबीर आहे." तुम्ही खूण पुसून वीतभर खाली केलीत. कितीतरी वर्षांत घरातल्या कुठल्याही कामात तिचा शब्द कोणी असा झेलला नव्हता. आता येईल त्याला ती सांगते, "हा दिवा मी बसवलाय."

बाकी तांत्रिक बाबी तुमच्या तुम्हाला ठाऊक. पण बाथरूममधल्या बेलची दोरी जमिनीपर्यंत का, हे तुम्ही समजावलंत तेव्हा मला गलबलून आलं: पडलेल्या माणसाचा हात चार फुटांवर पोचत नाही. लीजिओनेलासारखे जिवाणू वाढू नयेत म्हणून टाकीतलं पाणी 60 अंशांवर ठेवायचं, पण तेवढ्या पाण्याने म्हातारी कातडी काही सेकंदांत भाजते, म्हणून नळाआधी गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह. पुण्याच्या उन्हात गच्चीवरच्या सोलरचं पाणी किती तापतं, हे आम्ही रोज अनुभवतो. व्हॉल्व्हचं नाव तेवढं तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. गिझरचा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ट्रिप झाला तरी खोलीत अंधार होऊ नये, म्हणून दिव्यांची लाइन वेगळी. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, की तळमजल्यावरच्या काकांचं ऑक्सिजनचं यंत्र इन्व्हर्टरच्या लाल सॉकेटवर चालू राहतं. आधी गुरुवार उजाडला की काकूंच्या पोटात गोळा यायचा.

2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता तुम्हाला तोंडपाठ आहे, तशी ती आणखी कितीतरी जणांना असेल. पण आत्याचा हात कुठे टेकतो हे तिच्यात लिहिलेलं नाही, ते विचारावंच लागतं. हल्ली हुशार माणसं जागोजागी भेटतात. समोरच्या म्हाताऱ्या बाईला आधी नमस्कार करून मग टेप काढणारी क्वचितच. तुमच्या घरी हे ज्यांनी शिकवलं, त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

शेजारच्या सोसायटीतल्या दोघांनी तुमचा नंबर मागितलाय. देताना सांगून ठेवलंय, साहेब पहिल्या दिवशी ड्रॉइंग आणणार नाहीत, घरातल्या आजी-आजोबांशी बोलत बसतील. त्या दिवसाची घाई करू नका. तेव्हा फोन येईल, घ्या.

आपली,
आत्याची भाची, कोथरूड