ओजूचं वजन

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ओजूला घेऊन तू गेल्यापासून चारदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितो आहे. ओजूच्या वजनाचं काही विचारणार नाही, असं तुझ्या आईला कबूल केलं आहे.

आधी माझी चूक. ऑटिझमसाठी तू ओजूचं दूध-गहू बंद केलं आहेस, तरी तू आंघोळीला गेलीस तेव्हा त्याला दहीभात मीच भरवला. आईनं नाही, तिच्यावर उगाच राग धरू नकोस. चारच घास. तान्हा पोळा, लेकरांच्या लाकडी बैलांचा सण; लेकरू फरशीवर आडवं पडून लाकडी बैलाची चाकं फिरवत होतं, दह्याची वाटी दिसली तसं उठून तोंड उघडून उभं राहिलं. तुला विचारायला हवं होतं. पाठीमागे करायला नको होतं. पण मनू, त्याचं मनगट पऱ्हाटीच्या काडीसारखं लागलं गं हाताला. ज्या पोराला साऱ्या जगात चारच गोष्टी चालतात, त्यातल्या दही, पोळी आणि बिस्किट तू एका दिवसात बंद केल्या. दह्याशिवाय तो भाताला शिवत नाही. मग उरलं केळं. उन्हाळ्यात काट्यावर किती भरला होता, आणि आता किती?

बघ, विचारलंच.

ऑटिझमवरच्या संशोधनाचे तू दिलेले कागद पेन्सिल घेऊन दोनदा वाचले. ऑटिझम असलेल्या काही मुलांच्या रक्तात ग्लुटाथायोन, म्हणजे पेशींना जपणारं द्रव्य, कमी सापडतं, मेथिलेशन नावाच्या रासायनिक क्रियेची साखळी वेगळी चालते, हे मला पटतं. त्या कागदांतल्या २००४ च्या अभ्यासात ऑटिझमची २० मुलं होती. पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा आजार ऑटिझमच्या शंभरात पाचेक मुलांत निघतो, तेही खरं. पण वीस पोरांची सरासरी म्हणजे आपला ओजू नव्हे. आणि जे कमी दिसतं ते कारण आहे, परिणाम आहे, की पोरगं जेवतच नाही म्हणून आहे, ते नुसत्या आकड्यावरून कसं कळणार? दूध-गहू तोडल्यानं फरक पडतो, हे नीट घेतलेल्या चाचण्यांत काही ठामपणे उतरलेलं नाही. तू आणलेल्या त्या परदेशी पावडरच्या डब्यावर तर प्रमाणसुद्धा धड लिहिलेलं नाही.

झालं माझं सुरू. ३२ वर्षं नागपूरच्या धंतोलीतल्या लॅबमध्ये लघवीच्या बाटल्या हाताळल्या, ती खोड जात नाही.

तुला आठवतं? शाळा सुटली की तू लॅबमध्ये येऊन स्टुलावर बसायचीस. एकदा मी लघवीत फेरिक क्लोराइड टाकून रंग बघायची परीक्षा करत होतो. तू विचारलंस, "बाबा, हिरवं झालं तर?" मी म्हटलं, तर दुखणं सापडलं. "आणि नाही झालं तर?" तर घरी जायचं, म्हटलं. येताना बर्डीवर तू संत्र्याची बर्फी मागितलीस आणि मी पैसे नाहीत म्हणून सांगितलं. होते पैसे.

ती परीक्षा ज्यावरून आली ती गोष्ट तुला कधी सांगितली नाही. नॉर्वेतली एक आई, दोन लेकरं वाढत नाहीत, बोलत नाहीत, अंगाला कुबट वास. वर्षानुवर्षं डॉक्टरांचे उंबरे झिजवले तिनं. १९३४ साली फोलिंग नावाच्या डॉक्टरनं त्या पोरांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, ती हिरवी झाली. फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल शरीरात मोडत नाही असा जन्मजात आजार. न उपचारलेल्या पोरांत ऑटिझमसारखी लक्षणंही दिसतात. म्हणजे आईचंच खरं निघालं. तू त्या धंतोलीच्या डॉक्टरसमोर "मला 'बघू' नको, तपासणी लिहून द्या" म्हणालीस ना, तेव्हा मला तीच बाई आठवली. बाहेर येऊन मी चष्मा पुसत बसलो होतो. उन्हामुळे नाही.

पण त्या आजारातला आहार पुढे १९५० च्या दशकात आला, आणि तो रक्त मोजून-मोजून देतात. आधी दोष सापडला, मग घास काढला. तू घास आधी काढलास. अमिनो आम्लं, अॅसिलकार्निटिन, लॅक्टेट या चयापचयाच्या तपासण्या, सोबत हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व, एवढं करून घे. पैसे मी पाठवतो, श्रीकांतरावांना कळवायची गरज नाही. आणि काही बंद करायचंच तर एका वेळी एकच, आहारतज्ज्ञाला विचारून.

पुन्हा भाषण झालं. माफ कर. रात्री तीनला त्याच्यासोबत जागते ती तू, मी नाही.

आईचं एक सांगतो, तिला सांगू नकोस. त्या सकाळी पीडा पळवून लावायचा पिवळ्या मारबतीचा पुतळा मिरवणुकीनं निघाला तेव्हा ती गच्चीवरून सगळ्यांसोबत ओरडली, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि ओजूकडे पाहिलं. ओजूनं कान झाकलेले. मग ती खाली येऊन बराच वेळ काही बोललीच नाही. तिन्हीसांजेला म्हणाली, "त्याच्याकडे पाहून काहून म्हटलं मी?"

बैलाचं एक चाक निखळलं होतं. खिळा काढून स्क्रू बसवला आहे, आता फिरवताना आवाज होत नाही. सोमवारी पार्सल टाकतो.

तुझे
बाबा

ता. क. वजन करशीलच तर सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर कर. कळवलं नाहीस तरी चालेल.