‘मराठीत बोला’ असे छापलेल्या व्हॉइस रिमोट किटबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ब्लूटूथ व्हॉइस रिमोट किटमध्ये पुस्तिकेतल्यापेक्षा वेगळा बोर्ड निघणे, मराठी आज्ञा अर्धवट पोहोचणे आणि चौथ्या रिलेपासून (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणाऱ्या स्विचपासून) असलेला धोका याबाबत.

महोदय,

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत राहतो. शिवाजी उद्यमनगरात माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. इलेक्ट्रॉनिक्स मी शाळा-कॉलेजात शिकलो नाही. रात्री जेवण झाल्यावर, चुकतमाकत शिकलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या वेबसाइटवरून मी ब्लूटूथ व्हॉइस रिमोट किट १,८५० रुपयांना घेतले: फोनवरचे ॲप बोललेले अक्षरांत लिहिते, ब्लूटूथने बोर्डाला पाठवते आणि बोर्ड रिले चालवून पंखा-दिवा लावतो. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

किट कशासाठी घेतले ते आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. माझी आई ७४ वर्षांची आहे. तिने तीस वर्षे शिलाई मशीन चालवून आम्हाला वाढवले. आता संधिवाताने तिच्या बोटांची मूठ वळत नाही. आमचे घर जुने आहे आणि स्विचबोर्ड वर, दाराच्या चौकटीच्या उंचीला आहेत. पंखा लावायचा तर तिला आधी भिंतीचा आधार घेत उठावे लागते. बाजारात बोलून चालणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत, पण तुमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत दोन ओळी होत्या: ‘मराठीत बोला’ आणि ‘इंटरनेटची गरज नाही’. त्या दोन ओळी वाचून मी पैसे भरले.

खोके उघडले त्याच रात्री अडचण सुरू झाली. पुस्तिकेत ज्या बोर्डाचा फोटो आहे त्यावरची चिप मूळ ईएसपी३२. त्यात जुन्या पद्धतीचे, म्हणजे क्लासिक ब्लूटूथही आहे आणि कमी वीज खाणारे बीएलईही. पुस्तिकेतला प्रोग्रॅम ‘ब्लूटूथसिरियल’ ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरतो. ही लायब्ररी क्लासिक ब्लूटूथवर चालते: फोन आणि बोर्ड यांच्यात जणू एक न दिसणारी सिरियल वायर टाकते. खोक्यात निघालेल्या बोर्डावर मात्र ईएसपी३२-सी३ ही चिप आहे. नाव जवळजवळ तेच, पण सी३ मध्ये फक्त बीएलई आहे, क्लासिक ब्लूटूथ नाही. चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे दोष चिपचा नाही. तुमचा प्रोग्रॅम या बोर्डासाठी कंपाइलच होत नाही, म्हणजे चिपला समजेल अशा रूपात बदलतच नाही. सिरियल ब्लूटूथ फक्त ईएसपी३२ चिपवरच मिळते, असा संदेश देऊन तो थांबतो.

पुस्तिकेत रिलेच्या वायरी जोडायला बोर्डाच्या १९, २१, २२ आणि २३ या पिन दिल्या आहेत. सी३ वर पिनचे आकडे २१ ला संपतात. २२ आणि २३ या पिन त्या चिपला नाहीतच. मी दोन संध्याकाळी भिंग घेऊन बोर्डावर हे आकडे शोधत बसलो होतो. आपलेच काहीतरी चुकते आहे असे वाटत होते. आमच्या धंद्यात ड्रॉइंग एका पार्टचे आणि माल दुसऱ्या पार्टचा गेला, तर गिऱ्हाईक गाडी गेटवरूनच परत पाठवते.

तुमच्या हेल्पलाइनवर मी पाच वेळा फोन केला. बोलणारा मुलगा दर वेळी नम्रपणे बोलला आणि त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्याच्यासमोर जो कागद ठेवला होता तोच तो वाचत होता: ॲप काढून पुन्हा टाका, फोन बंद करून चालू करा, दुसरा फोन वापरून बघा. चिपवर काय छापले आहे ते मी त्याला अक्षर-अक्षर वाचून दाखवले. ते लिहून घ्यायला त्याच्याकडे जागाच नव्हती. मी ईमेल केला, त्याची पोच अकराव्या दिवशी आली. जुलैच्या मध्याला वॉट्सॲपवर नवा प्रोग्रॅम, नवे ॲप आणि वायरिंगचे नवे चित्र आले. बोर्ड बदलल्याची कबुली त्यात कुठेही नव्हती, पण प्रोग्रॅम बीएलईचा होता. तो पहिल्याच फटक्यात बोर्डावर चढला आणि फोन जोडला गेला. मी इंग्रजीत ‘फॅन ऑन’ म्हणालो, तसा रिले टक्कन वाजला. मला खरेच आनंद झाला. मी आईला हाक मारली.

आई म्हणाली, ‘पंखा लाव.’ काही झाले नाही. ती पुन्हा म्हणाली, थोडे मोठ्याने. फोनच्या पडद्यावर ‘पंखा लाव’ हे शब्द अचूक उमटले होते. तिचे बोलणे फोनला कळत होते, बोर्डाला कळत नव्हते. मी दुसऱ्या दिवशी हेल्पलाइनला विचारले, तेव्हा उत्तर आले, ‘सर, इंग्रजीत बोला, चालतं.’ या एका वाक्यामुळे मी हे पत्र लिहायला बसलो. मी आईला ‘फॅन ऑन’ म्हणायला शिकवले. तिने माझ्यासाठी चार वेळा प्रयत्न केला. फोनने चारही वेळा वेगळेच काहीतरी लिहिले. मग ती म्हणाली, ‘राहू दे लेका, मी उठून लावते.’

त्यानंतर मी कारण शोधायला लागलो. बोर्डाला काय मिळते ते सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत, छापून घेतले आणि शेजारी त्याची बाइटमधली लांबीही. ‘फॅन ऑन’ इंग्रजी अक्षरांत आले की लांबी ६. ‘पंखा लाव’ आले की लांबी २०. ‘दिवा लाव’, लांबी २०. ‘पंखा बंद’, पुन्हा २०. काहीही बोला, २० च्या पुढे आकडा जात नव्हता आणि शेवटच्या अक्षराच्या जागी तुटके चौकोन दिसत होते.

याचा हिशेब सोपा आहे. तो तुमच्याकडे कुणीच केला नाही, याचे मला वाईट वाटते. फोन मजकूर पाठवतो तो यूटीएफ-८ या अक्षरे साठवायच्या पद्धतीने. त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, वेलांटी, अनुस्वार ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘पंखा’ म्हणजे प, अनुस्वार, ख आणि काना, एकूण १२ बाइट. मधली मोकळी जागा १. ‘लाव’ ९. बेरीज २२. आणि बीएलईमध्ये दोन्ही बाजूंनी मोठ्या पाकिटाची बोलणी झाली नाहीत, तर एक पाकीट २३ बाइटचे असते. त्यातले ३ पत्त्या-निशाणीत जातात, मजकुराला उरतात २०. तुमचे ॲप मोठे पाकीट मागत नाही आणि उरलेला मजकूर दुसऱ्या पाकिटात पाठवतही नाही. त्यामुळे शेवटच्या ‘व’ च्या तीन बाइटपैकी एकच बोर्डावर पोहोचतो. प्रोग्रॅम मात्र अख्ख्या ‘पंखा लाव’शी तुलना करतो. ती कधीच जुळणार नाही. तुमच्या यादीतल्या सगळ्यांत लहान मराठी आज्ञासुद्धा २२ बाइटच्या आहेत. म्हणजे यादीतली एकही मराठी आज्ञा या किटवर कधी चाललेली असणे शक्य नाही.

आमच्याकडे शंभर नगांची ऑर्डर असली तरी पहिला नग काढून मापतात, पास करून घेतात आणि मगच मशीन पुढे चालते. याला आम्ही फर्स्ट पीस म्हणतो. खोक्यावर ‘मराठीत बोला’ छापण्याआधी तुमच्या कार्यालयात एका माणसाने एकदा फोनसमोर ‘पंखा लाव’ म्हटले असते, तरी हे त्याच मिनिटाला दिसले असते. ते कुणी म्हटले नाही. इंग्रजीत चालले, म्हणजे मराठीतही चालणारच, असे धरून चालले.

मी माझ्यापुरती वाट काढून बघितली. प्रोग्रॅममध्ये अख्ख्या वाक्याऐवजी सुरुवातीचे १९ बाइटच जुळवायचे, म्हणजे ‘पंखा ला’ आले की लावायचा आणि ‘पंखा बं’ आले की बंद करायचा. आमच्याकडे दिवा बंद करत नाहीत, घालवतात. आई ‘लाईट घालव’ म्हणते, म्हणून तीही आज्ञा घातली, ती तुमच्या यादीत नव्हती. छोट्या आज्ञा अशा चालल्या. पण खोलीचे नाव आले की ही युक्ती संपते. ‘स्वयंपाकघरातला दिवा लाव’ आणि ‘स्वयंपाकघरातला दिवा घालव’ या दोन्ही आज्ञा बोर्डापर्यंत ‘स्वयंप’ एवढ्याच पोहोचतात. लावायचा की घालवायचा, हे त्यात उरतच नाही. खरी दुरुस्ती ॲपमध्येच करावी लागेल. जोडणी झाल्याबरोबर ॲपने मोठे पाकीट मागायचे आणि तरीही मजकूर मावला नाही तर तुकडे करून शेवटी खूण पाठवायची. बोर्डाने ती खूण येईपर्यंत तुकडे जोडत राहायचे. ॲप तुमचे आहे, ते मला उघडता येत नाही.

‘इंटरनेटची गरज नाही’ ही ओळही खरी नाही. बोर्ड आणि फोन यांच्यात इंटरनेट लागत नाही, हे बरोबर. पण बोलण्याचे अक्षरांत रूपांतर करताना तुमचे ॲप इंटरनेट मागते. मोबाइल डेटा बंद केला की ते गप्प बसते.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. तुमच्या नव्या चित्रात चौथा रिले २१ क्रमांकाच्या पिनवर दाखवला आहे आणि शेजारी ‘पंखा किंवा गीझर’ असे लिहिले आहे. मूळ ईएसपी३२ वर २१ ही साधी पिन आहे. सी३ वर तीच पिन सिरियल संदेश बाहेर पाठवण्याची आहे आणि बोर्ड सुरू होताना चिप तिच्यावरून आपोआप संदेश सोडते. पिनवरचा व्होल्टेज खाली गेला की तुमचा रिले चालू होतो. त्यामुळे वीज जाऊन आली की कुणी काही न बोलता चौथा रिले वाजतो. मी टेबलावर दहा वेळा वीज काढून-लावून पाहिले, दहाही वेळा वाजला. व्हिडिओ सोबत पाठवत आहे. कोल्हापुरात पावसाळ्यात लाईट एका रात्रीत तीन-तीनदा जाते आणि येते. त्या रिलेवर २३० व्होल्ट असते आणि कुणी पंख्याची वायर नीट करायला हात घातलेला असता, तर काय झाले असते? मी वायरमन आणून मेनवर, म्हणजे घरच्या विजेवर, जोडण्याआधी टेबलावर तपासण्याची सवय असलेला माणूस आहे, म्हणून हे दिसले. चित्र पाहून थेट जोडणाऱ्याला ते दिसणार नाही. तुमच्या पुस्तिकेत मेनच्या वायरिंगबद्दल सावधगिरीची एकही ओळ नाही. रिले कुठल्या पिनवर लावू नये हेही कुठे नाही.

किट सध्या माझ्या टेबलावर एका झिरोच्या बल्बला जोडून ठेवले आहे. आईच्या खोलीत मी ते बसवलेले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. पुस्तिकेत दाखवलेला मूळ ईएसपी३२ बोर्ड मला पाठवा, किंवा सी३ च द्यायचा असेल तर त्याची स्वतंत्र पुस्तिका, योग्य पिनचे चित्र आणि मराठी वाक्य पूर्ण पोहोचवणारे ॲप द्या. यांपैकी काहीच जमत नसेल तर किट परत घेऊन पूर्ण रक्कम परत करा. पण एक गोष्ट पैसे परत केल्याने सुटणार नाही. नवे चित्र ज्यांना ज्यांना पाठवले असेल त्या प्रत्येक ग्राहकाला चौथा रिले २१ वरून काढण्याची सूचना आजच पाठवा, मराठीत आणि चित्रासह. माझे बाकी सगळे थांबले तरी चालेल, हे थांबू नये. आणि जोवर एक मराठी आज्ञा खरोखर चालत नाही, तोवर खोक्यावरून आणि वेबसाइटवरून ‘मराठीत बोला’ ही ओळ काढून टाका.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्यात निवारण करायचे असते. माझ्या ईमेलच्या बाबतीत दोन्ही मुदती उलटून गेल्या आहेत. या पत्रानंतर १५ दिवस वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करीन. तशी वेळ येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. मला तारखांना जायचे नाही, मला आईच्या खोलीतला पंखा तिच्या बोलण्यावर चालवायचा आहे.

उत्तर कृपया मराठीत द्यावे. आणि दुरुस्त केलेले ॲप पाठवाल तेव्हा सोबत एक छोटा व्हिडिओ पाठवा: तुमच्या कार्यालयातल्या कुणीतरी फोनसमोर ‘स्वयंपाकघरातला दिवा घालव’ असे म्हणावे आणि दिवा गेलेला दिसावा.

आपला,
एक ग्राहक
मंगळवार पेठ, कोल्हापूर

सोबत: बिलाची प्रत, बोर्डावरील चिपचा फोटो, पुस्तिकेतल्या बोर्डाच्या पानाचा फोटो, सिरियल मॉनिटरवरील नोंदींचे छायाचित्र, चौथ्या रिलेचा व्हिडिओ.