तुकड्यांची पेटी उपडी करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे. आता बदला विषय.

मोठी शेड सोडून दहा बाय दहाच्या खोलीत सुतारकाम न्यायचं ठरलं, तेव्हा सल्ल्यांची वानवा नव्हती. नातेवाइकांचं म्हणणं, विकून टाक सगळं, झाली तेवढी हौस पुरे. मशीन विकणाऱ्या एका गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याकडे वळून विचारलं, "चालवणार कोण?" नवऱ्याला धड खिळा ठोकता येत नाही. दुसऱ्याने फोनवरच निकाल दिला: पाच कामं एकात करणारं कॉम्बिनेशन मशीन घ्या, जागेचा प्रश्न मिटला. त्याची टेबलं वर उघडायला आजूबाजूला मोकळी जागा लागते, आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाताना लावलेलं माप मोडावं लागतं, हे मी खोदून विचारल्यावर बाहेर आलं. मी बनवते काय, याची चौकशी कोणालाच करावीशी वाटली नाही.

तुम्ही आलात ते टेप न काढता. "तुकड्यांची पेटी कुठंय?" म्हणालात आणि फरशीवर मांडी घालून ती सरळ उपडी केलीत. भुसा तुमच्या कपड्यांवर उडाला, तिकडे लक्षही नाही. मग एकेक तुकडा हातात घेऊन विचारत गेलात, हा कशाचा? हा ड्रॉवरच्या बाजूचा, हा पेटीच्या झाकणाचा, हा स्टुलाच्या पायाचा. एका फसलेल्या सांध्याचा तुकडा तर तुम्ही उजेडाला धरून बराच वेळ पाहिलात आणि "कूस चांगली बसली होती की, फळीच फुटली," एवढंच म्हणालात. (कूस म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक.) काका, इतकी वर्षं ही कामं मी करते आहे, पण माझं टाकलेलं लाकूड असं कोणी वाचलं नव्हतं. त्या अर्ध्या तासात मला माझी कामाची खोली लहान झाल्यासारखी वाटायची थांबली.

आणि मग ढीग दाखवलात. भरीव लाकडाचे, हातभर लांबीचे तुकडे ढीगभर. प्लायचे जेमतेम मूठभर. "ताई, एवढा मोठा टेबल सॉ कोणासाठी सांभाळताय?"

पुढचं सगळं त्या प्रश्नातून सुटत गेलं. टेबलातून गोल पातं वर येणारा, प्लायचे ताव कापायला सोयीचा टेबल सॉ गेला; दोन चाकांवर पट्टीसारखं पातं फिरवणारा बँड सॉ आला. टेबल सॉचं पातं साधारण 3 मिलिमीटर लाकूड खातं, बँड सॉचं जवळपास एक. त्याचं पातं लाकूड खाली टेबलावर दाबतं, त्यामुळे फळी उलटून अंगावर येण्याची टेबल सॉवरची ती धास्ती गेली. काप खडबडीत येतो, पण रंधा कशासाठी आहे? कधी प्लायचा आठ बाय चारचा ताव कापायची वेळ आलीच, तर फरशीवर फोम अंथरून त्यावर पट्टीच्या आधाराने सरकणारा विजेचा ट्रॅक सॉ फिरवायचा. एवढा ताव मशीनवर पेलण्यापेक्षा मशीनच तावावर नेलेलं बरं, हे तुमचं म्हणणं मला पटलं.

फळीची एक बाजू सपाट करून देणाऱ्या जॉइंटर मशीनचा मोह मला सुटत नव्हता. तुम्ही माझाच जुना रंधा उचललात, पीळ पडलेल्या फळीचे दोन चढलेले कोपरे उतरवलेत, फळी डुगडुगायची थांबली तशी ती प्लेनरमधून, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणाऱ्या मशीनमधून, काढायला लावलीत. वरची बाजू सपाट, मग उलटून दुसरी. एक अख्खं मशीन कमी झालं. प्लेनर आता कामाच्या टेबलाखाली सरकतो. बँड सॉला तुम्ही सांगितलं तसं रुंद बैठकीचं, ब्रेकवाल्या चाकांचं स्टँड केलं, कारण त्याचा सगळा भार वर असतो. आणि तो दाराच्या रेषेत उभा केला. आठ फुटी फळी चिरायला घेतली की तिचं पुढचं टोक खुशाल दाराबाहेर जातं. ही युक्ती एकाही विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नाही. कशी असेल, दार विकता येत नाही ना!

जाणकार माणसं मला पुष्कळ भेटली. बहुतेकांना आपलं ज्ञान ऐकवायची घाई असते, आणि ऐकणारी बाई असेल तर ती दुप्पट होते. समोरच्याच्या हौसेला काम मानून, त्याच्या शेजारी जमिनीवर बसणारा माणूस क्वचित भेटतो. सभ्यपणा म्हणतात तो मला तरी एवढाच कळतो. तुम्ही मोबदला घेतला नाहीत, चहासुद्धा अर्धा सोडलात, त्याचा राग आहेच.

ता. क. फळी उभी धरून चिरताना पातं रेषा सोडून एका अंगाला ओढ घेतं. फळी टेकवायचा फेन्स किंचित तिरका करून सावरलं, पण पातं बदललं की पुन्हा पहिल्यासारखंच. फोनवर उपाय सांगून सुटका करून घेऊ नका. या. पेटीतही बरंच साठलंय.

तुमची,
खोलीवाली सुतारीण