मंत्रिमहोदय, आमच्या शिवाराचा नकाशा पायी फिरून काढा

मा. वन व पर्यावरण मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू यांस,

स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातला शेतकरी. काही वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांनी मलप्रभेकाठचं दीड एकर भाताचं शेत वीटभट्टीला मातीसाठी दिलं. मुलीचं लग्न तोंडावर होतं, त्यांना दोष देत नाही. तीन फूट माती गेली. आता आषाढात वरच्या शेतांतलं पाणी बांध फोडून त्या खड्ड्यात उतरतं. शेजाऱ्यानं दोनदा बांध घातला, दोन्ही वेळा वाहून गेला. उपग्रहावरून मात्र तिथं अजून शेतच दिसतं.

माणसाचा भार जमिनीवर किती पडला हे दाखवणारे नकाशे जगभर निघतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशात १९९३ आणि २००९ या वर्षांची तुलना होती. बांधकाम, लोकवस्ती, रात्रीचे दिवे, शेती, कुरणं, रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग अशा आठ गोष्टी मोजून दर चौरस किलोमीटरला शून्य ते पन्नासमधला एक आकडा दिला होता. त्या काळात जगाची लोकसंख्या २३ टक्के वाढली, भार ९ टक्के. हे काम मला मोलाचं वाटतं. कुठं अजून फारसा हात लागलेला नाही हे ठाऊकच नसेल, तर राखणार काय?

पण चौरस किलोमीटर म्हणजे जवळजवळ अडीचशे एकर. आमच्याकडे तेवढ्यात देवराई, वीटभट्टी, नाला आणि दोन वाड्या बसतात. शिवाय त्या आठांत वाळूचा उपसा नाही, माती काढणं नाही, नाला वळवणं नाही. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीत कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेत वळवायला कालवा खोदला गेला. तो कुठल्या रकान्यात घालणार?

हिरव्या रंगाचंही तसंच. अकेशियाची लागवड आणि जांभूळ, हिरडा, कोकमाचं जुनं रान वरून एकसारखंच हिरवं दिसू शकतं. अकेशियाखाली जाऊन बघा. पानांचा जाड थर पाय रुतवतो, आणि गुरांनी तोंड लावावं असं काही सापडत नाही.

सर्वांत जास्त टोचतं ते भीमगडचं. २०११ साली सुमारे १९० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. त्याच्या रानात आमगाव, गवळी, कोंगळा, पास्तोली अशी गावं आहेत. पावसात रस्ता तुटला की आजारी माणसाला खांद्यावर उचलून आणावं लागतं. दिवे थोडे, डांबर थोडं, म्हणजे कुठल्याही मोजणीत त्यांचा भार कमीच भरणार. तरी अभयारण्यासाठी रानातून उठायचं ते त्यांनीच, आणि गोव्याकडे जाणाऱ्या चोर्ला रस्त्याकडेच्या रिसॉर्टना कोणी हिशेब विचारत नाही. ज्यांना स्वखुशीनं बाहेर यायचंय त्यांना पैसे आणि जमीन नीट द्या. पण आधी मोजा, सगळ्यांना एकाच मापानं.

माझी मागणी अशी. उपग्रहचित्रांवरून नकाशे करणारं राज्याचं दूरसंवेदन केंद्र बेंगळुरातच आहे. त्यांना कणकुंबी ते खानापूर एवढाच मलप्रभेचा पट्टा द्या, आणि सर्व्हे नंबरनिहाय नकाशा करायला सांगा. खड्डे, भट्ट्या, वाळूच्या जागा, देवराया, बारमाही झरे सगळं त्यात येऊ दे. गुराखी आणि मध काढणारे बरोबर घ्या, कुठला झरा कधी आटला हे त्यांना महिन्यानिशी सांगता येतं. मसुदा ग्रामसभेत कन्नडबरोबर मराठीतही वाचून दाखवा. पश्चिम घाटात खाणी, मोठी बांधकामं यांवर बंधनं घालणाऱ्या संवेदनशील क्षेत्राचा केंद्र सरकारचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघाला, पण आमच्या गावात पोचल्या त्या अफवा. कोणी म्हणे घर बांधता येणार नाही, कोणी म्हणे गुरं विकावी लागतील. लोक घाबरले आणि रानाच्याच विरोधात बोलू लागले.

सुरुवात आमच्या चुलत्यांच्या शेतापासून करा, त्यांची तयारी आहे. अधिकाऱ्यांना श्रावणात पाठवा. तेव्हा खड्डा भरलेला असतो, काठी घालून खोली मोजता येते. काठी मी आणतो.

आपला नम्र,
मलप्रभाकाठचा एक शेतकरी,
ता. खानापूर, जि. बेळगाव