बाळ्या, गड्ड्याला येच

सोलापूर, 14 डिसेंबर

प्रिय बाळ्या,

आम्ही ठीक. आईचा गुडघा जसा होता तसाच. हे तुलाच कळेल म्हणून लिहितोय.

आमच्या दहावीच्या पोरांना समुपदेशक मॅडम येतात. त्यांची पद्धत म्हणजे ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, स्टीव्हन हेज नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात उभी केलेली. भीती हाकलत बसायचं नाही. ती असू द्यायची आणि तिच्यासकट आपल्याला जे मोलाचं वाटतं ते करायचं. परवा त्यांनी अख्ख्या वर्गाला 'नापास, नापास' अर्धा मिनिट भराभर म्हणायला लावलं. शब्दाचा अर्थ गळून शेवटी नुसतं 'पासना-पासना' उरलं. पोरं लोळून हसली, शेजारच्या वर्गातले सर छडी घेऊन आले!

तेवढ्यात मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं. पूर्व भागातलं, विणकर-विडी कामगारांच्या वस्तीतलं. "मॅडम, घरचे माग भंगारात गेले. आई विड्या वळते, हजार भरेपर्यंत मी पानं कापून देतो. हेपण असू द्यायचं?"

मॅडम म्हणाल्या, "नाही रे. ते बदलायला धडपडायचंच. पोटात गोळा येतो ना, फक्त त्याच्याशी भांडत रात्र घालवायची नाही."

चोख उत्तर. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला हेडसरांनी त्याचं काय केलं? "मुलांनो, परिस्थिती स्वीकारा!" माझं डोकं तिथंच अडकलंय. विडीवालीच्या पोराला सोसायला काय शिकवायचं बे? त्यात तर ही पोरं घरातच पीएचडी करतात. आणि गंमत म्हणजे पद्धत लागू पडतेय. अर्ध्या तासात पेपर देऊन पळणारं तेच पोरगं आता शेवटपर्यंत बसतं. म्हणतं, "गोळा येतो सर, पण लिहितो." मग मी मॅडमच्या बाजूनं बोलू की हेडसरांशी भांडू? दोन्ही करतोय, स्टाफरूममध्ये चहा मिळेनासा झालाय.

तू म्हणशील, सुन्या, तुला खोट काढायची सवयच. असेल. पण कंबर तलावावर आपलं काय वाजलं होतं? तू म्हणालास, "भीती गेली की फिजिक्सला बसतो." भीती बसली घट्ट, वर्ष गेलं. (आणि माझ्या सायकलचे पैसे.)

म्हणून गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला ये. त्या पोराशी अर्धा तास बोल. उपदेश नको, तुझ्या राहून गेलेल्या फिजिक्सच्या पेपराचं सांग. माझ्याकडून ऐकलं तर ते मास्तरचं बोलणं होतं.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? पिंट्याचं ॲडमिशन? हुतात्मा एक्सप्रेसनं निघालास की फोन कर, स्टेशनवर येतो. शेंगाचटणी मागवू नकोस, इथं येऊन खा.

तुझा,
सुन्या