एकेकट्याने नको, एकत्र गाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोकरी-संसार सांभाळून किंवा निवृत्तीनंतर गाणं-वाजवणं शिकणाऱ्या मंडळींविषयी लिहायचं आहे. मी त्यांतलीच एक. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आता हार्मोनियमवर स्वतःचे चुकलेले सूर तपासत असते.

आमच्या क्लासमध्ये आम्ही अकरा जण प्रौढ विद्यार्थी. वार्षिक कार्यक्रमात आमची वर्णी लागते ती लहान मुलांच्या दोन गाण्यांच्या मधे. निवेदक म्हणतो, "या वयातही त्यांनी..." आणि टाळ्या पडतात त्या वयाला. षड्ज, म्हणजे 'सा', लागला की नाही, याची कोणाला पडलेली नसते. यंदा आम्ही ठरवलं की आपला कार्यक्रम आपण वेगळा करायचा. श्रोते म्हणजे घरचे आणि मित्रमंडळी, तेवढे पुरेत.

क्रमपत्रिकेचं काम साहजिकच हिशेबनिसाकडे आलं. प्रत्येकाने आपापला राग सांगितला आणि अकरा सोलोंची यादी तयार झाली. त्यांत चार यमन! शिवाय प्रत्येकाची पट्टी, म्हणजे 'सा' धरायची उंची, वेगळी. पुरुष काळी एक-दोनला (हे पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांचे क्रमांक) गाणारे, बायका काळी चार-पाचला. तबला काही इतका लवचिक नसतो. काळी एकचा तबला लहान तोंडाचा, काळी चारचा मोठ्या तोंडाचा, एकच तबला दोन्हीकडे खेचता येत नाही. म्हणजे दर गाण्यानंतर तबला बदला, त्याचे लाकडी गठ्ठे ठोकून सूर जुळवा, तानपुरा फिरवा. श्रोत्यांनी गाण्यापेक्षा हातोडीच जास्त ऐकली असती.

यात दोष कोणाचा? आमच्या हौसेचा थोडा, पण शिकवण्याच्या पद्धतीचा जास्त. आपल्याकडे शिकवतात ते एकट्याने गाण्यासाठी. परीक्षांमध्येही प्रारंभिकपासून विशारदपर्यंत गुण ज्याचे त्याला. शेजारी बसलेल्याचा आवाज ऐकत आपला आवाज त्यात कसा मिसळायचा, हे शिकवायला कोणाला वेळ नसतो. हा काही परका प्रकारही नव्हे. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मध्य प्रदेशातल्या मैहरला अनाथ मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभा केला, बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग करून त्यात वाजवला. मुलांना जे जमलं ते आम्हाला का जमू नये?

तेव्हा यादी फाडली आणि निम्म्याहून जास्त कार्यक्रम एकत्र करायचं ठरलं. पहिला प्रश्न अर्थातच पट्टीचा. यावर आमच्या गुरुजींनी सांगितलेला तोडगा मला फार आवडला. भूप रागातली, सोळा मात्रांच्या तीनतालातली मध्यलय बंदिश घेतली, पट्टी काळी एक. अस्थाई (बंदिशीचा पहिला भाग) बायका पुरुषांच्या एक सप्तक, म्हणजे एका 'सा'पासून वरच्या 'सा'इतकं, वर गातात. तिथे पंचम-धैवतापर्यंतच ('प', 'ध') जायचं असल्याने कोणाचा गळा ताणला जात नाही. अंतऱ्याला (दुसऱ्या भागाला) मात्र तार षड्ज, म्हणजे वरचा 'सा', येतो आणि बायकांना तो फार उंच पडतो. मग अंतऱ्यात बायकांनी एक सप्तक खाली यायचं. पुरुषांचा तार षड्ज आणि बायकांचा मध्य षड्ज हा एकच स्वर, त्यामुळे सगळे आवाज खरोखर एका जागी येतात. पुरुषांना तो वरच्या टोकाचा, बायकांना खालच्या अंगाचा. आणखी एक गंमत म्हणजे काळी एकचा पंचम हीच काळी चार. अंतरा उचलताना आमच्यातल्या बायका आपल्या रोजच्या षड्जावर उभ्या असतात, म्हणून बिचकत नाहीत. पहिल्यांदा तो अंतरा जुळला तेव्हा आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी मधेच गायचे थांबले आणि म्हणाले, "अहो, मला माझाच आवाज ऐकू येईना!" तक्रारीच्या सुरात म्हणाले, पण खुशीत होते.

आम्हा पेटीवाल्यांचं दुखणं निराळं. चौघांनी आपापल्या पेट्या आणल्या आणि एकदम काळी एक दाबली. त्यातून जो थरथराट निघाला तो मी विसरणार नाही. एका पेटीचा स्वर ४४० कंपनांचा आणि दुसरीचा तोच स्वर ४४४ चा असेल, तर सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात. जुन्या पेट्या कुठल्या मापाने लावलेल्या असतात ते लावणाराच जाणे, आणि पेटी काही आयत्या वेळी लावता येत नाही. म्हणून साथीला एकच पेटी ठेवली. इलेक्ट्रॉनिक तानपुरा तिच्याशी बारीक जुळवून घेतो, तबला त्या तानपुऱ्याशी. उरलेल्या तिघांनी आळीपाळीने त्याच पेटीवर बसायचं. इथे थोडी रुसवाफुगवी झाली, ती सोडून देते.

तालाचं भय सगळ्यांत मोठं. आमची बंदिश नवव्या मात्रेपासून उठते. मोजत बसलं की शब्द विसरतात, शब्द धरले की मोजणी सुटते. त्याऐवजी आम्ही डग्गा ऐकायला शिकलो. तीनतालाच्या ठेक्यात नवव्या मात्रेपासूनच्या खालीच्या (टाळी न देण्याच्या) भागात, 'धा तिं तिं ता'मध्ये, पहिल्या 'धा'नंतर डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि 'ता'नंतरच्या 'धिं'ला परत येतो. घुमारा गेला आणि आपण अजून गप्प आहोत, म्हणजे मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) निघून गेला. मग घाईने मागून पकडायचा नाही. हाताने टाळी धरायची, एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) जाऊ द्यायचं आणि पुढच्या मुखड्याला सामील व्हायचं. दहा जण गात असताना अकरावा एक आवर्तन गप्प बसला तर कोणाला कळतही नाही. सोलोत ही सोय नाही. एकट्या माणसाची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) चुकली की तो घामाघूम होतो आणि पुढच्या वर्षी नाव देत नाही.

लय मात्र अजून चढते. घाबरलं की सगळेच पळतात, आणि तबल्यावर बसलेले आमचे बंधूही विद्यार्थीच, तेही आमच्याबरोबर पळतात. मोबाइलवरच्या ठेक्याबरोबर सराव केला तर लय टिकते. पण तो ठेका आपलं ऐकत नाही, आपण चुकलो तरी पुढे जातो. म्हणून तालमीच्या शेवटच्या टप्प्यात तो बंद ठेवणार आहोत. लय थोडी चढली तरी चालेल, सगळ्यांची मिळून चढावी.

क्लास चालवणाऱ्या गुरुजनांना विनंती अशी की प्रौढांच्या तासातली शेवटची पंधरा-वीस मिनिटं एकत्र गाण्या-वाजवण्याला द्यावीत, कार्यक्रम असो वा नसो. विद्यार्थ्याला जे येतं त्याच्यापेक्षा एक पायरी सोपी बंदिश निवडावी. घरी शंभर टक्के येणारं मंचावर सत्तर टक्केच येतं, हे गुरुजनांना आमच्याहून चांगलं ठाऊक आहे. वही समोर ठेवू द्यावी. गुडघे दुखणाऱ्यांना खुर्ची द्यावी, पण सगळ्यांनी अर्धगोलात बसावं. ओळीत बसलं की टोकाच्या माणसाला तबला दिसतही नाही आणि नीट ऐकूही येत नाही. निवेदकांनी आमचं वय सांगू नये. राग, ताल आणि साथीला कोण, एवढं सांगितलं तरी खूप झालं.

आपल्या दैनिकात 'आजचे कार्यक्रम' हा रकाना असतो. नामवंतांच्या मैफलींखाली अशा हौशी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांनाही दोन ओळी मिळाल्या, तर इतर क्लासमधले आमच्यासारखे लोक ऐकायला येतील. त्यांना बोलवायचं आम्हाला फार मनात आहे, पण पत्ता कोणाचाच नाही.

आपली,
हार्मोनियम शिकणारी एक निवृत्त लेखापाल