भिंत धरून उभ्या राहिलेल्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

गेल्या रविवारी दुसऱ्या अंकात भिंतीमागे काय चाललं होतं, ते प्रेक्षकांना कळलंच नाही. कळलं असतं तर शेवटच्या टाळ्या आधी तुम्हाला मिळाल्या असत्या. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय.

माझी एंट्री झाली, मागे दार आपटलं आणि सेटच्या भिंतीचा अख्खा फ्लॅट हलला. त्याला मागून टेकू देणारा ब्रेस निसटला होता. नाटकातल्या आजींचं मोठं स्वगत सुरू व्हायचं होतं आणि त्या नेमक्या त्याच भिंतीला लागून बसलेल्या. दाराच्या फटीतून मला तुमचा हात दिसत होता. फ्लॅटची पट्टी घट्ट धरलेला, मनगटाच्या शिरा तटतटलेल्या. प्रवेश संपेपर्यंत तुम्ही खांदा लावून तसेच उभे. साधं खाकरलाही नाहीत. ब्लॅकआऊट झाल्यावर तळहातात घुसलेलं कुसळ दातांनी ओढून काढलंत आणि पुढच्या प्रवेशाचा पलंग उचलायला गेलात.

प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये लोक आम्हाला भेटायला आले. भूमिका जगलात, म्हणाले. तोवर तुमचं सेट उतरवून टेम्पोत भरणं चालू होतं, कारण रात्रीचा प्रयोग बोरिवलीला होता.

काका, तुमचे मनापासून आभार. आजींना इजा झाली नाही ती तुमच्यामुळे.

आता जरा मोठं बोलते. आम्ही कलावंत आमच्या कामाला साधना म्हणतो, तपश्चर्या म्हणतो, समाजाचा आरसा म्हणतो. लागोपाठ दोन प्रयोगांची दगदग झाली तर तिला त्याग म्हणतो. आणि तोच सेट दोनदा लावणाऱ्याच्या, दोनदा उतरवणाऱ्याच्या कामाला म्हणतो मजुरी. हे मला पटत नाही. नाटकावर माझा जीव आहे, माणसाला नाटक लागतंच असंही मी मानते. पण मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली, मध्ये काही महिने उघडून पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली, तीही निम्म्या खुर्च्यांवर. तेवढा काळ मुंबई आमच्याशिवाय निभावली. पालिकेचे सफाई कामगार, बेस्टचे चालक-वाहक नसते तर आठवडाभर तरी निभावली असती का? त्या दिवसांत आम्ही घरी बसून रंगभूमीच्या भवितव्यावर ऑनलाइन चर्चा करत होतो. ज्यांची चूल नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे मिळणाऱ्या पैशांवर, पेटते त्यांच्या घरी काय शिजतंय, हा त्या चर्चांमधला पहिला प्रश्न असायला हवा होता.

गिरणगावात कलावंत आणि कामगार अशी फाळणी नव्हती. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, सोशल सर्व्हिस लीगनं कामगारांसाठी उभारलेलं. पाळी सुटली की माणसं तालमीला बसायची. अण्णा भाऊ साठे गिरणीत राबले, नारायण सुर्वेही राबले. त्यांच्या लिखाणाला त्यामुळे कुठे कमीपणा आला? उलट आमच्यापैकी कितीतरी जणांना तसं एक पान साधणार नाही. कष्टाचं काम कलेच्या पायरीखालचं, ही समजूत आपल्याकडे कुठून आणि केव्हा शिरली हे मी खरंच शोधतेय.

नुसत्या कौतुकानं भागत नाही, हे तुम्ही तोंडानं बोलला नसाल तरी मला ठाऊक आहे. आजी आणि मी निर्मात्यांकडे जाऊन आलो. जाहिरातीत आमची नावं येतात तिथे पडद्यामागच्या तुम्हा चौघांचीही येणार, हे ठरलं. नाइट वाढवण्याचं अजून अडलंय. त्यांनी महिन्याभराची मुदत मागितली आहे, पण आम्ही ते सोडणार नाही. तुम्हा चौघांची पूर्ण नावं कशी छापायची ते व्यवस्थापकांकडे लिहून द्या. आणि खांद्याचं दुखणं अंगावर काढू नका. सोमवारी प्रयोग नाही, केईएमला दाखवून येऊ, मी सोबत येते.

तुमची,
नाटकातली थोरली सून